थॉमस मिजली, ज्युनियर

थॉमस मिजली, ज्युनियर (जन्म: १८ मे १८८९, बीव्हर फॉल्स, पेनसिल्व्हेनिया; मृत्यू: २ नोव्हेंबर १९४४, वर्दिंग्टन, ओहायो) हे अमेरिकन यांत्रिकी अभियंते व रसायनशास्त्रज्ञ होते. पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळल्यास इंजिनातील ठोके थांबतात, हा शोध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२१ मध्ये लावला. या शोधामुळे पेट्रोल पंपावर साधे व महाग अशा दोन दर्जांचे पेट्रोल शेजारी शेजारी विकण्याची पद्धत रुजली. शीतकपाटांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील पहिल्या प्रशीतकाचा विकासही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला. हयातीत त्यांना अमेरिकन रसायनशास्त्रातील बहुतेक सर्व मोठे सन्मान मिळाले. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र हे दोन्ही शोध सार्वजनिक आरोग्यास व पर्यावरणास घातक असल्याचे सिद्ध झाले आणि जगभर त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला.

बालपण व शिक्षण

मिजली यांचा जन्म संशोधकांच्या कुटुंबात झाला. त्यांचे वडील थॉमस मिजली, सीनियर हे मोटारींच्या धावांच्या क्षेत्रातील संशोधक होते, तर आईचे वडील जेम्स इमर्सन हे बदलता येणारे दाते असलेल्या करवतीचे जनक म्हणून ओळखले जात. थॉमस लहान असतानाच कुटुंब ओहायो राज्यातील कोलंबस येथे स्थायिक झाले व त्यांचे बालपण तेथेच गेले. पुढे कनेक्टिकट राज्यातील स्टॅमफर्ड येथील बेट्स ॲकॅडमीत त्यांनी शिक्षण घेतले. मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीची ओढ त्यांना विद्यार्थिदशेतच लागली होती आणि पुढील आयुष्यात हीच सारणी त्यांच्या संशोधनाचे प्रमुख साधन ठरली.

१९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी मिळवली. रसायनशास्त्राचे औपचारिक उच्च शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्या विषयातील त्यांचे बहुतेक ज्ञान स्वयंअध्ययनातून आलेले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅरी रेनॉल्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला एक मुलगी व एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली.

पदवीनंतर सुमारे एक वर्ष त्यांनी डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत काम केले. त्यानंतर काही काळ ते वडिलांच्या टायर व्यवसायात होते. १९१६ मध्ये ते डेटन येथील डेल्को या कंपनीच्या संशोधन विभागात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली रुजू झाले. मोटारीच्या विद्युत प्रारंभकाचे जनक असलेले केटरिंग हे पुढे जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. मिजली यांच्या कारकिर्दीतील बहुतेक सर्व महत्त्वाची कामे केटरिंग यांनी नेमून दिलेल्या प्रश्नांतून उभी राहिली.

पार्श्वभूमी : पेट्रोलच्या दर्जाचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील मोटारींची संख्या झपाट्याने वाढत होती आणि पेट्रोलची मागणी पुरवठ्यापेक्षा वेगाने चढत होती. कच्च्या तेलापासून अधिक पेट्रोल मिळावे म्हणून शुद्धीकरण कारखाने त्यात अधिक जड घटक मिसळू लागले. परिणामी पेट्रोलचा दर्जा वर्षागणिक घसरू लागला. शिवाय कच्चे तेल कोणत्या भागातील आहे यावरही पेट्रोलचे गुणधर्म अवलंबून असत. कॅलिफोर्नियातील तेलापासून बनवलेले पेट्रोल पेनसिल्व्हेनियातील तेलापासून बनवलेल्या पेट्रोलपेक्षा इंजिनात अधिक सुरळीत जळे. मात्र पंपावर उभ्या असलेल्या ग्राहकाला हा फरक ओळखण्याचे कोणतेही साधन नव्हते. पेट्रोलची परीक्षा प्रामुख्याने त्याच्या घनतेवरून व बाष्पीभवनाच्या तापमानावरून केली जाई आणि या कसोट्यांवरून ते इंजिनात कसे जळेल याचा नेमका अंदाज येत नसे.

हलक्या दर्जाच्या पेट्रोलचा दोष ठोक्यांच्या रूपाने प्रकट होई. पेट्रोल इंजिनात हवा व इंधनाचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि ठिणगीने पेटवले जाते. ठिणगीपासून निघालेली ज्योत क्रमाक्रमाने पसरत जाणे अपेक्षित असते. परंतु दाब व उष्णता वाढल्यामुळे उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम पेटले, तर धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग किंवा ठोके म्हणतात. ठोक्यांमुळे शक्ती वाया जाते, इंजिन तापते व भागांची हानी होते. इंजिनात मिश्रण जितके अधिक दाबावे तितकी त्याची कार्यक्षमता वाढते, पण ठोक्यांचा धोकाही वाढतो. त्यामुळे इंजिनाची रचना सुधारण्याचा मार्ग इंधनाच्या दर्जापाशी येऊन अडला होता.

केटरिंग यांच्यासाठी हा प्रश्न प्रतिष्ठेचाही होता. कॅडिलॅक मोटारीत ऐकू येणाऱ्या ठोक्यांचा दोष काही जण त्यांच्या विद्युत प्रज्वलन पद्धतीला देत असत. डेल्को कंपनी शेतघरांसाठी रॉकेलवर चालणारे लहान विद्युत संच बनवत असे, त्यांतही ठोक्यांची तक्रार होती. दोष प्रज्वलनाचा की इंधनाचा, हे ठरवण्याचे काम त्यांनी मिजली यांच्याकडे सोपवले.

ठोके थांबवणाऱ्या पदार्थाचा शोध

मिजली यांनी सिलिंडरमधील दाबाचे सूक्ष्म मापन करून ठोके ठिणगीमुळे नव्हे, तर इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होतात हे दाखवून दिले. इंधनाचे थेंब वेळेत बाष्परूप होत नसावेत, अशी सुरुवातीची कल्पना होती. बर्फाखाली लवकर फुलणाऱ्या आर्ब्युटस या वनस्पतीची पाने मागून तांबूस असतात. हा लाल रंग उष्णता शोषून घेत असावा, असे केटरिंग व मिजली यांना वाटले आणि इंधन लाल रंगवून पाहण्याचे ठरले. तेलात विरघळणारा लाल रंग त्या वेळी हाताशी नसल्याने मिजली यांनी आयोडीन वापरले आणि ठोके थांबले. नंतर अन्य लाल रंग वापरून पाहिले असता काहीच परिणाम झाला नाही. रंगाची कल्पना चुकीची होती, परंतु एखादा पदार्थ अल्प प्रमाणात मिसळून ठोके थांबवता येतात, हे मात्र त्यातून सिद्ध झाले.

आयोडीन महाग होते व ते धातू गंजवीत असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मिजली यांनी बेंझीन व सायक्लोहेक्झेन यांच्या मिश्रणापासून विमानांसाठी उच्च दर्जाचे इंधन तयार केले. युद्धानंतर १९१९ मध्ये ॲनिलीन हा पदार्थ आयोडीनपेक्षा प्रभावी असल्याचे आढळले, पण त्याचा वास असह्य होता. सेलेनियम व टेल्यूरियम यांची संयुगे त्याहून गुणकारी ठरली, तथापि त्यांचा लसणीसारखा उग्र दर्प संशोधकांच्या अंगाला व कपड्यांना चिकटून राही. या टप्प्यावर मिजली यांनी वाटेल ते पदार्थ तपासण्याची पद्धत सोडली आणि आवर्त सारणीतील मूलद्रव्यांच्या स्थानानुसार त्यांच्या संयुगांचा प्रभाव मांडण्यास सुरुवात केली. या मांडणीतून सारणीच्या खालच्या भागातील जड मूलद्रव्यांकडे लक्ष वेधले गेले.

९ डिसेंबर १९२१ रोजी डेटन येथील प्रयोगशाळेत टेट्राएथिल लेडची चाचणी घेण्यात आली. पेट्रोलच्या सुमारे १,३०० भागांत या द्रवाचा एक भाग मिसळला तरी ठोके पूर्ण थांबत असल्याचे दिसून आले. ज्वलनाच्या वेळी हे संयुग विघटित होऊन शिशाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण तयार होतात आणि ते मिश्रण अकाली पेटवणाऱ्या साखळी अभिक्रिया रोखतात, असे पुढील काळातील संशोधनातून स्पष्ट झाले. शिशाचे अवशेष झडपांवर व स्पार्क प्लगवर साचत असल्याने त्यासोबत एथिलीन डायब्रोमाइड मिसळण्यात येऊ लागले. त्यामुळे शिसे बाष्पशील ब्रोमाइडच्या रूपात धुराड्यावाटे बाहेर पडू लागले. इंजिन स्वच्छ राहिले, पण सर्व शिसे हवेत जाऊ लागले. ब्रोमीनची वाढती गरज भागवण्यासाठी ते समुद्राच्या पाण्यातून काढण्याचे प्रयत्नही या काळात करण्यात आले.

अल्कोहोलचा पर्याय

ठोके थांबवण्यासाठी इथाइल अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, हाही एक उत्तम पदार्थ असल्याचे मिजली यांना ठाऊक होते. १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी पेट्रोलमध्ये सुमारे ३० टक्के अल्कोहोल मिसळून चालवलेली मोटार वाहन अभियंत्यांच्या सभेत दाखवली होती आणि अशा मिश्रणाचे पेटंटही मागितले होते. तेलसाठे लवकरच संपतील अशी भीती त्या काळी व्यक्त केली जात असल्याने शेतमालापासून बनणारे हे इंधन आकर्षक मानले जाई.

तथापि अल्कोहोल मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे, ते कोणालाही बनवता येण्याजोगे होते आणि केवळ त्याच्या वापरावर एका कंपनीचा हक्क राहू शकत नव्हता. याउलट गॅलनमागे काही घन सेंटिमीटर टेट्राएथिल लेड पुरेसे होते, त्याचा खर्च नगण्य होता व त्याच्या वापरावर पेटंटचे संरक्षण मिळत होते. जनरल मोटर्सने शिशाचा मार्ग निवडण्यामागे ही आर्थिक कारणे महत्त्वाची होती, असे अनेक इतिहासकार मानतात.

एथिल पेट्रोलची विक्री

शिसेयुक्त पेट्रोलची पहिली विक्री २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटन येथील एका पेट्रोल पंपावर झाली. या इंधनाला एथिल असे नाव देण्यात आले आणि नावात शिशाचा उल्लेख टाळण्यात आला. सुरुवातीच्या काळात एथिल द्रव पंपावरच पेट्रोलमध्ये मिसळला जाई. त्यासाठी पंपाला एथिलायझर नावाचे एक साधन जोडलेले असे. हे तीव्र विषारी द्रव्य त्यामुळे पंपावरील कर्मचाऱ्यांच्या थेट हाताळणीत येत होते. इतर पेट्रोलपासून वेगळे ओळखता यावे म्हणून एथिल पेट्रोलला लाल रंग दिला जाई.

साध्या पेट्रोलपेक्षा एथिलसाठी गॅलनमागे काही सेंट अधिक मोजावे लागत. ठोके थांबल्यामुळे चढावर गाडी सहज चढते व इंजिनाची शक्ती वाढते, हा अनुभव ग्राहकांना लगेच येत असल्याने वाढीव दर देण्यास ते तयार होत. ३० मे १९२३ रोजी झालेल्या इंडियानापोलिस ५०० या मोटार शर्यतीत पहिल्या तिन्ही क्रमांकांच्या गाड्यांनी एथिल वापरले होते. या घटनेने नव्या इंधनाची कीर्ती देशभर पसरली.

ऑगस्ट १९२४ मध्ये जनरल मोटर्स व स्टँडर्ड ऑइल कंपनी ऑफ न्यू जर्सी यांनी एकत्र येऊन एथिल गॅसोलीन कॉर्पोरेशनची स्थापना केली. केटरिंग तिचे अध्यक्ष, तर मिजली उपाध्यक्ष झाले. द्रवाच्या उत्पादनाचे काम ड्यु पाँट या रसायन कंपनीकडेही होते.

विषबाधा व वाद

टेट्राएथिल लेड हा रंगहीन, तेलकट द्रव आहे. तो श्वासावाटे तसेच त्वचेतून शरीरात शिरतो आणि मेंदू व मज्जासंस्थेवर आघात करतो. त्याच्या घातकतेविषयी अनेक वैद्यकीय तज्ज्ञांनी उत्पादन सुरू होण्यापूर्वीच इशारे दिले होते. स्वतः मिजली यांनाही शिशाची बाधा झाली होती. १९२३ च्या आरंभी त्यांना काम थांबवून विश्रांतीसाठी फ्लोरिडा राज्यात जावे लागले व त्यामुळे काही सभांना ते उपस्थित राहू शकले नाहीत.

१९२४ मध्ये डेटन येथे दोन कामगारांचा मृत्यू झाला. न्यू जर्सीतील डीपवॉटर येथील ड्यु पाँटच्या कारखान्यातही कामगार दगावले. तेथील कामगारांना नसलेले किडे उडताना दिसत व ते हवेत हात मारत, म्हणून त्या इमारतीला फुलपाखरांचे घर असे नाव पडले होते. ऑक्टोबर १९२४ च्या अखेरीस न्यू जर्सीतच बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या प्रायोगिक विभागात पाच कामगार भ्रम व झटक्यांनी मृत्यू पावले आणि तीसहून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. वृत्तपत्रांनी या द्रव्याला वेड लावणारा वायू ठरवले.

३० ऑक्टोबर १९२४ रोजी न्यू यॉर्क येथे घेतलेल्या पत्रकार परिषदेत मिजली यांनी टेट्राएथिल लेडने आपले हात धुऊन दाखवले आणि सुमारे एक मिनिटभर त्याचा वास घेतला. असे रोज केले तरी अपाय होणार नाही, असा त्यांचा दावा होता. स्वतःच्या आजारपणाला तेव्हा दोन वर्षेही झालेली नव्हती. मिजली यांच्या चरित्रातील हा प्रसंग सर्वाधिक टीकेचा विषय ठरला आहे. त्याच सुमारास न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया आदी शहरांनी व न्यू जर्सी राज्याने शिसेयुक्त पेट्रोलच्या विक्रीवर बंदी घातली. मे १९२५ मध्ये एथिल कॉर्पोरेशनने विक्री स्वतःहून स्थगित केली. त्याच वर्षी मिजली यांचे उपाध्यक्षपद काढून घेण्यात आले, मात्र संशोधक व सल्लागार या नात्याने त्यांचा संबंध कायम राहिला.

२० मे १९२५ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल ह्यू कमिंग यांनी वॉशिंग्टन येथे परिषद बोलावली. औद्योगिक आजारांच्या अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन व येल विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन यांनी शिशाला विरोध केला. कारखान्यातील अपघातांपेक्षा रस्त्यांवर दररोज साचत जाणारे सूक्ष्म शिसे अधिक धोकादायक ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. उद्योगाची बाजू मांडणाऱ्यांनी अपघात हा हाताळणीतील दोष असल्याचे सांगितले व दुसरा योग्य पर्याय उपलब्ध नसल्याचा दावा केला. मिजली यांनीही हीच भूमिका घेतली. अल्कोहोलवरील त्यांचे स्वतःचे प्रयोग पाहता हा दावा वस्तुस्थितीशी जुळणारा नव्हता.

परिषदेने नेमलेल्या समितीने डेटन व सिनसिनाटी येथील २५२ चालक व गॅरेज कामगारांची तपासणी केली. जानेवारी १९२६ मध्ये सादर झालेल्या अहवालात योग्य नियमांखाली होणाऱ्या विक्रीवर बंदी घालण्यास पुरेसा आधार नसल्याचे म्हटले होते. मात्र वापर वाढल्यास परिस्थिती बदलू शकते, म्हणून सरकारी खर्चाने पुढील अभ्यास चालू ठेवावा, अशी शिफारसही समितीने केली होती. गॅलनमागे ३ घन सेंटिमीटर ही मर्यादा ठरली, द्रव मिसळण्याचे काम पंपावरून हलवण्यात आले आणि पेट्रोलमध्ये शिसे असल्याची सूचना पंपावर लावली जाऊ लागली. १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. सरकारी अभ्यासाची शिफारस कागदावरच राहिली. पुढील सुमारे चार दशके या विषयावरील संशोधनात उद्योगाच्या पैशावर काम करणाऱ्या डॉ. रॉबर्ट किहो यांचाच शब्द प्रमाण मानला गेला.

ऑक्टेन अंक व दरांवरील नियंत्रण

पेट्रोलचा दर्जा मोजण्याची सर्वमान्य पद्धत एथिल कॉर्पोरेशनमधील रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी १९२६ च्या सुमारास सुचवली. ठोके जवळजवळ न देणाऱ्या आयसोऑक्टेनला १०० व अतिशय ठोके देणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला ० असे मूल्य देऊन या दोहोंच्या मिश्रणाशी पेट्रोलची तुलना केली जाते. यालाच ऑक्टेन अंक म्हणतात. मिजली व त्यांचे सहकारी थॉमस बॉइड यांनी ठोक्यांची तीव्रता मोजण्यासाठी विकसित केलेले उसळत्या पिनेचे उपकरण अशा तुलनेसाठी उपयोगी पडले. ऑक्टेन अंकामुळे दोन पंपांवरील पेट्रोलमधील फरक प्रथमच एका आकड्यात सांगता येऊ लागला. अंक जास्त म्हणजे इंधनात ऊर्जा जास्त असा त्याचा अर्थ नसून ते अधिक दाब सहन करते एवढाच आहे. त्यामुळे कमी संपीडनाच्या इंजिनाला उच्च ऑक्टेनच्या महाग पेट्रोलचा विशेष लाभ होत नाही.

शुद्धीकरण प्रक्रियेत सुधारणा करून ऑक्टेन अंक वाढवण्यापेक्षा शिसे मिसळणे स्वस्त पडत असल्याने १९३० च्या दशकात साध्या पेट्रोलमध्येही ते मिसळले जाऊ लागले आणि अमेरिकेतील बहुतांश पेट्रोल शिसेयुक्त झाले. पेटंटच्या बळावर एथिल कॉर्पोरेशन शुद्धीकरण कारखान्यांना व घाऊक विक्रेत्यांना परवाने देत असे. परवाना देण्यापूर्वी विक्रेत्याच्या व्यावसायिक नीतीची चौकशी केली जाई. प्रचलित दरांपेक्षा स्वस्त पेट्रोल विकणाऱ्यांना परवाना नाकारला जात असल्याचे न्यायालयापुढे आले. २५ मार्च १९४० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. पेटंटचा हक्क हा पुढील विक्रेत्यांचे दर नियंत्रित करण्याचा हक्क होऊ शकत नाही, हे तत्त्व या निकालाने अधोरेखित केले. 

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या लढाऊ विमानांनी १०० ऑक्टेनचे शिसेयुक्त इंधन वापरले.

प्रशीतकांवरील संशोधन

१९२० च्या दशकातील शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड व मिथिल क्लोराइड हे विषारी अथवा ज्वलनशील वायू वापरले जात. गळतीमुळे मृत्यू घडत असत. १९२८ मध्ये केटरिंग यांनी निर्धोक प्रशीतक शोधण्याचे काम मिजली यांना दिले. मिजली व अल्बर्ट हेन यांनी पुन्हा आवर्त सारणीचा आधार घेऊन फ्लोरीनच्या संयुगांकडे लक्ष वळवले व डायक्लोरोडायफ्लुरोमिथेन तयार केले. हा पदार्थ पुढे फ्रिऑन या नावाने प्रसिद्ध झाला. एप्रिल १९३० मध्ये अटलांटा येथे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने जळती मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही व ज्वलनशीलही नाही, हे त्यातून एकाच वेळी दिसून आले. त्याच्या उत्पादनासाठी जनरल मोटर्स व ड्यु पाँट यांनी कायनेटिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली.

याशिवाय नैसर्गिक व कृत्रिम रबराच्या रसायनशास्त्रावरही मिजली यांनी काम केले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंट होती.

सन्मान

मिजली यांना निकोल्स पदक (१९२२), पर्किन पदक (१९३७), प्रीस्टली पदक (१९४१) व विलार्ड गिब्ज पुरस्कार (१९४२) हे सन्मान मिळाले. १९४२ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या संचालक मंडळाचे ते अनेक वर्षे प्रमुख होते व १९४४ मध्ये सोसायटीचे अध्यक्ष झाले.

आजारपण व मृत्यू

१९४० मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी मिजली यांना पोलिओ झाला व पायांतील शक्ती गेली. अंथरुणातून उठता यावे यासाठी त्यांनी दोर व कप्प्यांची एक यंत्रणा स्वतःच तयार केली होती. आजारपणातही त्यांनी सोसायटीचे काम चालू ठेवले व दूरध्वनीवरून सभांत भाग घेतला. २ नोव्हेंबर १९४४ रोजी वर्दिंग्टन येथील घरी याच यंत्रणेच्या दोरात गळा आवळला जाऊन त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. हा अपघात असल्याचे जाहीर करण्यात आले. मात्र अधिकृत नोंदीत ती आत्महत्या मानली गेल्याचे त्यांच्या चरित्राचे अभ्यासक नमूद करतात.

मृत्यूनंतरचे परिणाम

१९६५ मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी मानवी शरीरातील व वातावरणातील शिसे नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढल्याचे दाखवून दिले. पृथ्वीचे वय ठरवण्यासाठी शिशाचे मापन करताना त्यांना सर्वत्र शिशाचा संसर्ग आढळला होता. ज्याला किहो नेहमीची पातळी म्हणत होते, ती मुळात नैसर्गिक नव्हतीच, हा पॅटरसन यांच्या संशोधनाचा गाभा होता. शिशामुळे मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होत असल्याचेही पुढे सिद्ध झाले.

१९७५ पासून अमेरिकेतील नव्या मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवले जाऊ लागले. शिसे हे उपकरण निकामी करते, म्हणून पंपांवर शिसेविरहित पेट्रोल वेगळे विकणे भाग पडले. ते शिसेयुक्त पेट्रोलपेक्षा काही सेंट महाग असल्याने अनेक चालक नव्या गाडीतही स्वस्त शिसेयुक्त पेट्रोल भरत. हे रोखण्यासाठी नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड अरुंद ठेवण्यात आले, जेणेकरून शिसेयुक्त पेट्रोलच्या पंपाची जाड नळी त्यात जाऊ नये. पेट्रोलमधील शिसे कमी होत गेले तसे लोकांच्या रक्तातील शिसेही घटत गेले. १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झाले.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच विकले जाऊ लागले. ऑक्टेन अंक वाढवण्यासाठी व आयात कमी करण्यासाठी आता भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते, आणि त्याचा काही वाटा महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतून येतो. मिजली यांनी १९२१ मध्ये तपासलेला पर्याय अशा रीतीने पुन्हा वापरात आला आहे.

मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा अल्जीरिया हा जगातील अखेरचा देश होता. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली. लहान विमानांच्या इंधनात मात्र शिशाचा वापर अद्याप पूर्णपणे संपलेला नाही. क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे ओझोन थराची हानी होते, हे मारियो मोलिना व शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. त्यांच्या उत्पादनावर १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने निर्बंध आले.

मूल्यमापन

इतिहासातील अन्य कोणत्याही एका सजीवापेक्षा मिजली यांचा वातावरणावर अधिक परिणाम झाला, असे मत पर्यावरण इतिहासकार जे. आर. मॅकनील यांनी मांडले आहे. मिजली यांच्या मूल्यमापनात त्यांच्या दोन शोधांत फरक केला जातो. क्लोरोफ्लुरोकार्बनचे दुष्परिणाम त्यांच्या हयातीत कोणाला ठाऊक असण्याची शक्यता नव्हती आणि या वायूंनी त्या काळी अनेकांचे प्राण वाचवले. शिशाचे विषारीपण मात्र प्राचीन काळापासून ज्ञात होते, तज्ज्ञांनी त्यांना सावध केले होते आणि त्याचा अनुभव त्यांनी स्वतःच्या शरीरावर घेतला होता. तरीही त्यांनी त्याच्या सुरक्षिततेची जाहीर ग्वाही दिली. त्यामुळे विज्ञान, उद्योग व सार्वजनिक आरोग्य यांतील जबाबदारीच्या चर्चेत त्यांचे उदाहरण वारंवार दिले जाते.

हे सुद्धा पहा

ऑक्टेन अंक
टेट्राएथिल लेड
चार्ल्स केटरिंग
क्लेअर पॅटरसन
मॉन्ट्रियल करार